नऊ नंबरचा पास : एका ॲनिमेटर मित्राच्या स्मृतिफिल्मच्या कामाच्या नोंदी

११ मे २०२५

सामान आलं. पुठ्ठ्याची चार खोकी, एक मोठा कापडी पोर्टफोलिओ, बुटांची पिशवी आणि ९ नंबरच्या दोन जर्सी. वहिनींची एकच अट आहे : फिल्मवर आणि या नोंदींत त्याचं नाव नको. तो ज्या रग्बी क्लबात खेळायचा तिथे सगळे त्याला नऊ नंबर म्हणत, तेच इथे वापरतो आहोत.

ऑगस्टमध्ये क्लब त्याच्या आठवणीचा सामना खेळणार आहे. त्या दिवसासाठी तीन गोष्टी करायच्या : क्लबहाउसमध्ये दाखवायला मिनिटभराच्या आतली फिल्म, मुलांना वाटायला फ्लिपबुक (पानं भरभर सोडली की चित्र हलतं ती छोटी वही), भिंतीवर एक फलक. फोटो एकामागून एक सरकताहेत आणि मागे गाणं वाजतंय असलं काही करायचं नाही, यावर स्टुडिओतल्या आणि क्लबातल्या सगळ्यांचं एकमत झालं. ज्या माणसानं उभा जन्म कागदावर हालचाल काढली, त्याची आठवण त्या हालचालीतूनच यायला हवी. म्हणून नियम असा की फिल्ममध्ये दिसणारी प्रत्येक रेघ त्याच्या हातची असेल. आपल्यापैकी कुणी एकही रेघ वाढवायची नाही, पुसायची नाही, गिरवायची नाही.

फलकासाठी पार्श्वभूमी आत्ताच लिहून ठेवतो. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले. ॲनिमेटर राम मोहन त्या पहिल्या तुकडीतले. त्या पिढीनं पुढे खाजगी स्टुडिओंत जी मुलं हाताखाली घेतली, त्यांच्यापैकी नऊ नंबर एक. आयुष्याचा मोठा भाग जाहिरातपटांत गेला. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे २४ च्या वेगानं ७२० फ्रेम, ३५ मिमीची ४५ फूट फिल्म. तो शेवटपर्यंत फुटांतच बोलायचा. 'चार सेकंद' त्याच्या तोंडून कधी आलं नाही, 'सहा फूट' यायचं.

१३ मे

पाऊस यायच्या आत कागद वेगळे करून घेतले. क्रम असा ठेवला :

आधी धातू काढायचा. टाचण्या, स्टेपलर पिना, यू क्लिपा. गंजलेली पिन ओढून काढली की कागदाचा तुकडा तिच्यासोबत येतो. मागच्या बाजूनं पिनेचे दोन्ही पाय बोथट पात्यानं सरळ करायचे आणि पुढून उचलायची. रबरबँड वितळून चिकटले असतील तर खेचायचे नाहीत, पूर्ण सुकलेले असले तर टिचकीनं तुटतात. सेलोटेप जिथे आहे तिथे राहू द्यायची. तिचा डिंक कागदात मुरलेला असतो, टेप निघते आणि डाग राहतो, बरोबर शिसपेन्सिलचा थरही जातो.

खालच्या दोन खोक्यांच्या तळाशी बोटभर उंचीची मातकट रेघ आहे. २००५ च्या २६ जुलैची. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि तळमजल्यावरच्या स्टुडिओत पाणी शिरलं. त्या खोक्यांतल्या सर्वांत खालच्या थप्प्या एकमेकांना चिकटल्या आहेत. त्या कोरड्या असताना सोडवायच्या नाहीत. आत्ता फक्त बाजूला ठेवल्या, कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवायच्या.

एका खोक्यात जाहिरातींची सेल, म्हणजे चित्रं रंगवलेले ॲसिटेटचे पारदर्शक ताव, आहेत आणि झाकण उघडताच व्हिनेगरसारखा वास आला. ॲसिटेट विघटित होताना ॲसेटिक आम्ल सुटतं, त्याचा तो वास. ते आम्ल शेजारच्या सेलचाही नाश सुरू करतं, म्हणून सेल कागदांपासून लगेच दुसऱ्या खोलीत हलवली. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवायची नाहीत, वाफ आतच कोंडते. ज्या सेलच्या रंगाला मधला पातळ कागद चिकटला आहे तो ओढायचा नाही. रंग सेल सोडतो, कागदाला धरून राहतो.

१७ मे

स्कॅनिंगची मांडणी.

नऊ नंबरचा कागद १२ फील्ड या ॲनिमेशनच्या ठरावीक मापाचा आहे, साडेदहा बाय साडेबारा इंच. ए४ स्कॅनरची काच लांबीला पावणेबारा इंचांच्याही थोडी आतच संपते, त्यामुळे ए३ लागतोच. कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांसाठीची भोकं ॲक्मे या ठरावीक मापाची : मधलं गोल, पाव इंचाचं. दोन्ही बाजूंना मधल्यापासून चार इंचांवर चपट्या खाचा, अर्धा इंच लांब आणि एक अष्टमांश इंच रुंद.

पेगबार, म्हणजे त्या खुंट्यांची (पेगची) पट्टी, काचेवर चिकटवून पाहिला. कागद भोकांच्या बाजूनं पट्टीच्या जाडीइतका उचलला जातो आणि वरची दोन बोटं रेघ धूसर येते. म्हणून पट्टी काचेबाहेर, स्कॅनरच्या कडेला बसवता येते, पण मग भोकं स्कॅनमध्ये येत नाहीत. आपल्याला ती यायला हवी आहेत, कारण जुन्या कागदांची भोकं सैल झाली आहेत. रोज पेगवर चढवून, फ्लिप करून, परत उतरवून गोल भोक लांबट होतं. अशा कागदाला पेग जागेवर धरू शकत नाही. तेव्हा पेग न वापरता कागद नुसता काचेवर ठेवायचा, भोकांसकट स्कॅन करायचा आणि ओपनटून्झ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भोकांवरून जुळवून घ्यायचा, असं ठरलं. लांबट भोकाचा मध्य धरताना चपट्या खाचांवर भिस्त ठेवायची, त्या कमी झिजतात.

अडचण एकच : स्कॅनरचं झाकण पांढरं, कागद पांढरा, भोकं दिसतच नाहीत. मागे पूर्ण काळा कागद ठेवला तर भोकं उठून दिसतात, पण पातळ कागद करडा पडतो आणि फिकी निळी रेघ त्यात बुडते. उपाय सोपा निघाला. काळ्या कार्डपेपरची दीड इंची पट्टी झाकणाला फक्त भोकांच्या जागी चिकटवली. उरलेलं झाकण पांढरंच.

३०० डीपीआय, २४ बिट रंगीत, टिफ. करड्या छटांत स्कॅन केलं तर फाइल एक तृतीयांश होते, पण त्याची पहिली रचना निळ्या पेन्सिलीत आणि दुरुस्ती लाल पेन्सिलीत आहे. करड्यात दोन्ही एकसारख्याच दिसतात आणि कुठली रेघ आधीची, कुठली नंतरची हे कळायचं साधन जातं. एक पान ३७५० बाय ३१५० पिक्सेल, सुमारे ३५ एमबी. त्याचे स्वतःचे, म्हणजे कुठल्याही गिऱ्हाइकाचे नसलेले ४१२ कागद आहेत. साडेचौदा जीबीच्या आसपास जागा.

शिसाची भुकटी काचेवर बसते आणि पुढच्या पानांवर करडे पट्टे येतात. दर वीस पानांनी कोरड्या मायक्रोफायबरनं काच पुसायची. फवारा काचेवर मारायचा नाही, कडेतून आत उतरतो.

१८ मे

फाइलचं नाव : शॉट, लेव्हल (वेगळ्या कागदांवर काढलेला चित्राचा एक थर), ड्रॉइंग क्रमांक. कागदाच्या कोपऱ्यात त्यानं जो आकडा लिहिला तोच घ्यायचा, आपला क्रमांक द्यायचा नाही. वर्तुळातला आकडा म्हणजे की ड्रॉइंग (हालचालीतली मुख्य स्थिती), अधोरेखित म्हणजे ब्रेकडाउन (दोन मुख्य स्थितींमधला टप्पा), मोकळा म्हणजे इनबिट्वीन (उरलेली मधली चित्रं). हे तिन्ही भेद तक्त्यात वेगळ्या रकान्यात उतरवायचे. फाइलच्या नावात वर्तुळ मावत नाही.

२४ मे

जाहिरातींच्या एक्स्पोजर शीट, म्हणजे कुठलं ड्रॉइंग कुठल्या फ्रेमला दिसणार ते लिहिलेली पानं, आज पाहून संपवल्या. जाहिरातपटाला श्रेयनामावली नसते. ज्या कुत्र्याला, ज्या टूथपेस्टच्या ट्यूबला एका पिढीनं टीव्हीवर उड्या मारताना पाहिलं, त्यांच्यावर त्याचं नाव कुठेच नाही. या शीटच्या डोक्यावरचा 'ॲनिमेटर' हा छोटा चौकोन आणि त्यातली दोन आद्याक्षरं, एवढाच पुरावा. म्हणून ज्या शीटवर आद्याक्षरं आहेत तेवढीच कामं यादीत घेतली. 'हे त्याचंच असणार, चाल ओळखू येते' असं खात्रीनं सांगणारे लोक आहेत आणि त्यांची नजर पक्की आहे, पण ती नावं वेगळ्या यादीत, 'ऐकीव' म्हणून. जाहिरातींचे हक्क आपल्याकडे नाहीत, त्यामुळे फिल्ममध्ये त्यातलं काही येणार नाही.

फिल्म ज्याच्यावर उभी करायची तो शॉट पोर्टफोलिओत सापडला. स्क्रमहाफ (रग्बीतला नऊ नंबरचा, गर्दीतून चेंडू बाहेर काढणारा खेळाडू) रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवती रेटणाऱ्या खेळाडूंच्या गर्दीच्या, मुळाशी पडलेला चेंडू उचलून पास देतो. सहा फूट, ९६ फ्रेम. शीट पूर्ण भरलेली आहे :

अ लेव्हल, म्हणजे शरीर. फ्रेम १ ते ८ पहिलं ड्रॉइंग धरलेलं. ९ ते ४० अ२ ते अ१७, प्रत्येक दोन फ्रेम. ४१ ते ५६ अ१८ ते अ३३, प्रत्येक एक फ्रेम. ५७ ते ८८ अ३४ ते अ४९, पुन्हा दोन-दोन. मग शेवटचं ड्रॉइंग ९६ पर्यंत धरलेलं.

ब लेव्हल, म्हणजे सुटलेला चेंडू. फ्रेम ५० ते ६४, ब१ ते ब१५, एकेक फ्रेम.

अ लेव्हलची ४९ पैकी ४३ ड्रॉइंग हाती आहेत, चेंडूची १५ च्या १५.

२५ मे

लाइन टेस्ट, म्हणजे पेन्सिल ड्रॉइंग सलग चालवून पाहायची चाचणी, लावली. क्लबातले तिघं आणि स्टुडिओतले आम्ही एकाच पडद्यासमोर बसलो आणि हा शॉट नऊ नंबरशिवाय दुसरं कुणी का काढू शकलं नसतं हे तिथे उलगडलं. ते नीट लिहून ठेवणं हेच या कामातलं सर्वांत महत्त्वाचं.

ॲनिमेशनमध्ये पहिल्या वर्षापासून शिकवतात की कुठल्याही जोराच्या हालचालीआधी उलट दिशेची छोटी हालचाल हवी. फेकायचं असेल तर हात आधी मागे जातो. प्रेक्षकाला त्यानं कळतं की आता काहीतरी होणार, आणि फेकीला वजन येतं. रग्बीत स्क्रमहाफला पहिल्या दिवसापासून नेमकं उलटं शिकवतात : हात मागे न्यायचा नाही. चेंडू जमिनीवरून थेट सुटला पाहिजे. हात मागे गेला की तेवढ्या अवधीत समोरचा अंगावर येतो आणि पास कुठे जाणार हेही त्याला दिसतं.

मग वजन आणायचं कुठून? अ९ ते अ१७ एकावर एक ठेवून पाहिली. तळवे चेंडूपाशीच आहेत, एक रेघही मागे जात नाहीत. पण मागचा गुडघा ड्रॉइंगगणिक दुमडत जातो, कंबर खाली बसते, मागच्या बुटाची टाच उचलून चवडा रुततो. पुढचा पाय ज्याला पास द्यायचा त्याच्या दिशेनं पडतो. सगळी पूर्वतयारी त्यानं हातातून काढून मागच्या पायात घातली आहे. म्हणून हात अचानक सुटतात तरी पास हलका वाटत नाही. अ१७ च्या कडेला मागच्या टाचेवर लाल पेन्सिलीनं बाण आहे आणि 'इथून' एवढाच शब्द.

अ२६ आणि अ२७ चा तक्ता, म्हणजे मधली ड्रॉइंग किती अंतरावर काढायची ते सांगणाऱ्या कडेच्या खुणा, हाही पाहण्यासारखा आहे. चेंडू अ२७ ला, फ्रेम ५० वर सुटतो. सुटण्याआधीच्या तीन ड्रॉइंगमध्ये मनगटातलं अंतर वाढत जातं आणि सुटल्यावर दोन्ही हात लक्ष्याकडे बोट दाखवल्यासारखे सरळ उरतात. तक्त्यावरच्या खुणा अ३४ नंतर एका टोकाला दाटत जातात, म्हणजे हात हळूहळू थांबतात. डोकं मात्र अ३१ पासूनच वर येऊन पुढच्या रककडे वळू लागतं. पास दिला म्हणजे स्क्रमहाफचं काम संपत नाही, त्याला चेंडूच्या मागे पळत पुढच्या गर्दीपाशी पोचायचं असतं. हात अजून मागच्या कामात आणि नजर पुढच्या. हे सामने खेळल्याशिवाय कागदावर उतरत नाही. क्लबातल्या आमच्या हूकरनं (पुढच्या फळीत खेळणाऱ्यानं) ते पहिल्या फेरीतच पकडलं, आम्हाला तिसऱ्या फेरीत दिसलं.

२६ मे

पाऊस आज मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर पूर्वी कधी आला नव्हता. उरलेले कागद स्कॅनिंगच्या खोलीत एसी लावून रात्रभर तसेच ठेवले. दमट हवेत कागद फुगतो आणि धाग्यांच्या आडव्या दिशेनं जास्त फुगतो, त्यामुळे एकाच शॉटची अर्धी पानं कोरड्या दिवशी आणि अर्धी ओल्या दिवशी स्कॅन केली तर भोकं जुळतात पण बूट जमिनीवर थरथरतात. एक शॉट एकाच दिवशी संपवायचा.

३१ मे

चेंडूची पंधरा पानं.

रग्बीचा चेंडू चार पाकळ्यांचा असतो, लांबी २८० ते ३०० मिमी. स्क्रमहाफचा लांब पास लांबीच्या आसाभोवती फिरत जातो, त्यानं तो हवेत सरळ राहतो. हे फिरणं कागदावर दाखवायला चार शिवणींच्या रेघाच काय त्या हाताशी असतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. चेंडू सेकंदाला सहा फेरे घेत असेल तर २४ फ्रेमच्या हिशेबानं दर फ्रेमला ९० अंश फिरतो. चार पाकळ्या सारख्या, त्यामुळे ९० अंशांनंतर चित्र अगदी आधीसारखंच. खऱ्या वेगानं काढलेला चेंडू पडद्यावर गोठलेला दिसतो. थोडा जास्त वेग दिला की ठीक, थोडा कमी दिला की उलटा फिरताना दिसतो. फ्रेममागे ४५ अंशांच्या आत राहिलं तरच डोळा दिशा बरोबर धरतो.

ब लेव्हलवर कोनमापक ठेवून मोजलं : फ्रेममागे ३० अंश, म्हणजे सेकंदाला फक्त दोन फेरे. खऱ्यापेक्षा कितीतरी संथ, पण वेगवान दिसतो. कारण त्यानं एक पाकळी पेन्सिलीनं गडद केली आहे आणि ती वर आली की त्या ड्रॉइंगमध्ये चेंडूमागे दोन कोरड्या झटक्यांच्या रेघा ओढल्या आहेत. बारा ड्रॉइंगमध्ये एक फेरा पूर्ण होतो, ब१ आणि ब१३ मध्ये गडद पाकळी एकाच जागी आहे. ब१ मध्ये चेंडूचं टोक किंचित खाली आहे, ब५ पर्यंत सरळ होतं. ओल्या चेंडूचा पास असाच निघतो. मुंबईतली रग्बी पावसाळ्यातली, मैदान मऊ असतं तेव्हाची, आणि त्यानं कोरडा चेंडू क्वचितच हाताळला असेल.

७ जून

न सापडलेल्या सहा ड्रॉइंगचा निर्णय.

क्रमांक असे आहेत : अ३६, अ३८, अ४०, अ४२, अ४४, अ४६. सगळे सम, सगळे एका सलग भागातले. अ३५ च्या कडेच्या तक्त्यावर हे सहाही आकडे मोकळे, म्हणजे इनबिट्वीन म्हणून लिहिलेले आहेत. पाण्यात गेलेली पानं अशी एकाआड एक जात नाहीत. ही पानं हरवली नाहीत, काढायचीच राहिली. मदतनिसासाठी ठेवली असावीत.

सूचना आली की तक्ता आहेच, त्याच्या खुणांनुसार सहा इनबिट्वीन काढून टाकू, कुणाला कळणारही नाही. दुसरी सूचना सॉफ्टवेअरकडून मधली चित्रं बनवून घेण्याची. दोन्ही नाकारल्या. तक्ता अंतर सांगतो, रेघ सांगत नाही. अ३५ आणि अ३७ यांच्यामध्ये खांदा चेंडूच्या मागे झुकतो तो सरळ रेषेत नाही, कमानीत. ती कमान किती खोल हे फक्त त्याच्या मनगटाला ठाऊक होतं. आपण काढलेलं ड्रॉइंग बरोबर असेल, पण त्याचं नसेल. सॉफ्टवेअर दोन चित्रांची सरासरी काढतं, त्यात दुमडलेलं कोपर वितळतं आणि बोटं पाचाची सहा नाही तर चार होतात.

म्हणून अ३५ पासून अ४५ पर्यंतचं प्रत्येक विषम ड्रॉइंग दोनऐवजी चार फ्रेम धरायचं. फ्रेम ५९ ते ८२ एवढाच भाग. करून पाहिलं. हात थांबत येण्याचा संथ भाग आहे, त्यामुळे किंचित अडखळ दिसते पण वजन जात नाही. हाच प्रकार ४१ ते ५६ मध्ये असता तर पास मोडला असता. फिल्ममध्ये शीटचं ते पान जसंच्या तसं दाखवायचं, सहा रिकाम्या चौकटींसकट.

१४ जून

लाइन टेस्टमध्ये कागद लुकलुकतो. प्रत्येक पानाचा पिवळेपणा वेगळा, २४ च्या वेगानं ते दिव्यासारखं दिसतं. नेहमीचा उपाय म्हणजे क्लीनअप : पांढरं जाळून टाकायचं, काळी रेघ ठेवायची. त्यात निळी रचना आधी जाते, मग पुसलेल्या रेघांच्या सावल्या जातात. त्या सावल्यांतच गुडघा तीन जागी काढून चौथ्या जागी पक्का केलेला दिसतो.

केलं ते असं. प्रत्येक पानावर रेघ नसलेला कोपरा निवडून त्याचा सरासरी रंग मोजला. सगळ्या पानांचा तो रंग अ१ च्या रंगाला जुळवला. रेघेच्या काळेपणाला हात लावला नाही. कडेचे डाग, बोटांचे ठसे आणि चहाचं अर्धं वर्तुळ (अ१२) राहू दिलं. लुकलुक संपली, कागद कागदच राहिला. अ आणि ब लेव्हल एकत्र करताना मल्टिप्लाय मोड, म्हणजे चेंडूच्या कागदाचा पांढरा भाग पारदर्शक ठरतो. दोन कागद गुणले गेल्यावर ५० ते ६४ या फ्रेम काळवंडतात, तेव्हा फक्त ब लेव्हलचा कागद पूर्ण पांढऱ्यावर आणून ठेवला.

२१ जून

आवाज. संगीत नाही. सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला रेकॉर्डर ठेवून चिखलातले बूट, रकमधला श्वास आणि चेंडू तळव्यांत बसतो तो ओला थप्प आवाज घेतला. माइकवर फोमचं टोपरं आणि वर पातळ छत्री. छत्रीवर पडणारे थेंब रेकॉर्ड होतात म्हणून छत्रीवर जुना टॉवेल. थप्प आवाज फ्रेम ५० वर द्यायचा नाही. चेंडू सुटताना आवाज नसतो, झेलताना असतो. झेलणारा चित्रात नाही, म्हणून तो आवाज चेंडू चौकटीबाहेर गेल्यावर, फ्रेम ७० ला. आवाज चित्राच्या एखाद फ्रेम नंतर आला तर चालतो, आधी आलेला डोळ्याला लगेच खटकतो.

२८ जून

जर्सी आणि बूट. जुनी जर्सी जाड सुती, कोपरावर रफू, नवी पॉलिएस्टरची. सुतीवरचे चिखलाचे डाग तसेच ठेवायचे, धुवायची नाही. तोंडावर जाळी बांधलेल्या व्हॅक्यूमनं कमी ओढीवर धूळ काढली. हँगरवर टांगली तर ओल्या हवेत सूत खांद्यांपाशी ताणतं, म्हणून सपाट फळीवर, बाह्यांत आम्लमुक्त कागदाच्या गुंडाळ्या घालून. बुटांवर बुरशी होती. मास्क लावून घराबाहेर कोरड्या ब्रशनं झटकली, उन्हात नाही, सावलीत. उन्हात चामडं तडकतं.

५ जुलै

फ्लिपबुक. वाटतं तितकं सोपं नाही, कारण फ्लिपबुकात प्रत्येक पान सारखाच वेळ खातं. ४३ ड्रॉइंग ४३ पानांवर छापली तर एकेक फ्रेमचा वेगवान भाग दोन-दोन फ्रेमच्या भागाइतका संथ होतो आणि पास खेचल्यासारखा दिसतो. हिशेब असा लावला : एक पान म्हणजे दोन फ्रेम. सुरुवातीचा धरलेला भाग ४ पानं, अ२ ते अ१७ ची १६ पानं, वेगवान भागातलं एकाआड एक ड्रॉइंग ८ पानं, शेवटच्या संथ भागाची १६ पानं, अखेरचा धरलेला भाग ४ पानं. एकूण ४८. वेगवान भागातून सम ड्रॉइंग घेतली तर अ२७ गळतं, जिथे चेंडू सुटतो. म्हणून विषम घेतली : अ१९ ते अ३३.

कागद २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. पातळ असला तर अंगठ्याखालून दोन-तीन पानं एकदम सुटतात. कागदाचे धागे बांधणीला समांतर हवेत, छापखान्यात ताव मांडतानाच सांगावं लागतं. चित्र पानाच्या उजव्या दोन तृतीयांशात, डावीकडचा भाग बांधणीत आणि हातात जातो. कापताना गठ्ठा किंचित तिरका सरकवून धरला की कडा पायऱ्यांसारखी उतरते आणि पान एकेक सुटतं. फक्त उजव्या पानावर छपाई, मागचं कोरं.

१२ जुलै

क्लबहाउसच्या टीव्हीवर चाचणी. फिल्म ४८ सेकंदांची झाली, ११५२ फ्रेम. त्याच्या भाषेत ७२ फूट. शीर्षकाची पाटी ६ सेकंद, स्केचबुकाची पानं १८, पास खऱ्या वेगानं ४, मग तोच सेकंदाला ६ फ्रेमनं १६, बाजूला एक्स्पोजर शीट आणि तीवर सरकणारी खूण, आणि पुन्हा खऱ्या वेगानं ४.

टीव्हीवर पास लोण्यासारखा गुळगुळीत आणि निर्जीव दिसला. टीव्हीत हालचाल मऊ करण्याची सोय कारखान्यातूनच चालू असते. ती दोन फ्रेमच्या मधे स्वतःची चित्रं बनवून घालते. म्हणजे ७ जूनला जे नाकारलं तेच यंत्र गुपचूप करत होतं. पिक्चर सेटिंगमध्ये आत जाऊन बंद केली. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, 'मोशन' शब्द असलेला पर्याय शोधायचा. रिमोटवरच्या खेळांच्या मोडनं ती परत चालू होते, म्हणून रिमोट त्या दिवशी एकाच माणसाकडे राहील. फाइल २४ फ्रेमचीच ठेवायची, ३० ची बनवायची नाही, नाहीतर काही फ्रेम दुप्पट होऊन वेगवान भागात धक्का बसतो.

१९ जुलै

फलकाचा मजकूर. आठवणी सांगणाऱ्या प्रत्येकाकडून तारखेचा एक कागद मागितला : सामन्याची संघयादी, मागे वर्ष लिहिलेला फोटो, कुठलीही गोष्ट. ज्या सामन्याला यादी नाही त्याचं वर्ष फलकावर नाही. त्यातून जे उभं राहिलं ते असं : तो क्लबच्या दुसऱ्या संघाचा स्क्रमहाफ होता, पहिल्या संघात थोडेच सामने खेळला. १९९५ साली रग्बी युनियन जगभर व्यावसायिकांना खुली झाली, इथल्या दुसऱ्या संघाच्या माणसाला त्याचं काही नव्हतं. वर्गणी भरायची, बूट स्वतःचे, शनिवारी सामना, रविवारी दुखऱ्या खांद्यानं ड्रॉइंग टेबल. खेळणं थांबल्यावर लहान मुलांना पास शिकवू लागला. मुलांच्या वहीत त्यानं काढून दिलेली पायांची चित्रं अजून आहेत. तीन वह्या मिळाल्या, तिन्हींत बाण मागच्या टाचेवर.

'महान' आणि 'दिग्गज' हे शब्द काढले. तो दुसऱ्या संघातून पंचवीस हंगाम खेळला हे संघयाद्यांनी सिद्ध होतं आणि तेवढं लिहिलं की पुरे.

२६ जुलै

प्रती. मूळ स्कॅन तीन ठिकाणी : स्टुडिओची डिस्क, वहिनींकडे दुसरी डिस्क, तिसरी प्रत मुंबईबाहेर. डिस्क वर्षातून एकदा लावून फाइलींच्या बेरजा (चेकसम, म्हणजे फाइल बिघडली नाही ना हे दाखवणारा आकडा) जुळतात का ते पाहायचं, कपाटात नुसती ठेवलेली डिस्क न सांगता जाते. कागद आम्लमुक्त पेट्यांत, जमिनीपासून चार फुटांवर, बाहेरच्या भिंतीला न टेकता. मूळ एक्स्पोजर शीट वेगळ्या पाकिटात, शॉटच्या ड्रॉइंगच्याच पेटीत, कारण शीटशिवाय ४३ कागद म्हणजे नुसती ४३ चित्रं.

राहिलेलं काम : चिकटलेल्या थप्प्या आणि सेलचं खोकं. सेलसाठी सिलिकॉनचा लेप असलेला कागद आणि सच्छिद्र पेट्या मागवल्या आहेत. पाऊस ओसरेपर्यंत सेल हाताळायची नाहीत, दमट हवेत रंग मऊ असतो. ऑक्टोबरमध्ये सुरुवात. येणाऱ्यांनी पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे आणावेत, सुती नकोत, त्यांचे धागे रंगाला अडकतात.